हिंगण्याच्या रेप्लिकावर बंद केलेले मोबाइल नंबर पुन्हा पुन्हा का दिसतात

मुख्य डिरेक्टरी सर्व्हरवर, म्हणजे संस्थेतील माणसांची नावे, नंबर, पासवर्ड अशी माहिती एका जागी ठेवणाऱ्या सर्व्हरवर, नोंदीतले एखादे ॲट्रिब्यूट (मोबाइल नंबरासारखा एक रकाना) एसीएल (कोणाला काय वाचता येईल याचा नियम) लावून बंद केले, ते दिसत नाही याची खात्री केली, आणि तरीही काही दिवसांनी तेच ॲट्रिब्यूट रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, कोणालाही वाचता येते, अशी अडचण ज्यांना वारंवार येते त्यांच्यासाठी हे टिपण आहे. आमच्याकडे ती चौदा महिन्यांत तीनदा आली, आणि तिसऱ्या वेळचे कारण मी स्वतः लिहून भिंतीवर चिकटवलेल्या कागदात होते.

आमच्या संस्थेची दोन आवारे आहेत, एक सिव्हिल लाइन्समध्ये आणि दुसरे हिंगणा मार्गावर. ओपनएलडॅप या डिरेक्टरी सॉफ्टवेअरवर चालणारा मुख्य सर्व्हर सिव्हिल लाइन्सला आहे. सिमेंट रस्त्यासाठी कुठेतरी खोदकाम निघाले की दोन आवारांमधली फायबर केबल तुटते, हे नागपुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको, म्हणून हिंगण्याला सिंकरेपल, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचे बदल ओढून घेण्याची ओपनएलडॅपची सोय, वापरणारी एक रेप्लिका ठेवली आहे. डिरेक्टरीत सुमारे १,४०० नोंदी आहेत. हिंगण्याच्या फाटकापाशी आणि ग्रंथालयात दूरध्वनी यादीचा एक पडदा आहे आणि तो रेप्लिकाला कोणतीही ओळख न देता, म्हणजे अनामिकपणे, विचारणा करतो. कर्मचाऱ्यांचे खाजगी मोबाइल नंबर फक्त आस्थापना विभागाला दिसावेत असे ठरल्यावर मी मुख्य सर्व्हरवर नियम बदलला आणि रेप्लिका ज्या ओळखीने मुख्य सर्व्हरवर बाइंड (लॉगिन) करते त्या ओळखीलाही मोबाइलचे ॲट्रिब्यूट वाचण्यास मनाई केली. रेप्लिकाला जे मिळणारच नाही ते ती कोणाला दाखवू शकणार नाही, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब कोठे चुकला ते समजण्यासाठी प्रोटोकॉल थोडा उलगडून पाहावा लागतो. सिंकरेपल ज्यावर उभे आहे तो दस्तऐवज म्हणजे जून २००६ मधील, प्रायोगिक वर्गातला आरएफसी ४५३३ होय. त्यात ग्राहक, म्हणजे विचारणारा (इथे रेप्लिका), साध्याच शोधाच्या विनंतीला सिंक कंट्रोल ही जादा सूचना जोडतो आणि मागच्या वेळी मिळालेली कुकी, म्हणजे कुठपर्यंत माहिती मिळाली याची खूण, सोबत पाठवतो. ओपनएलडॅपच्या कुकीत सीएसएन असतो, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ आणि तो बदल कोणत्या सर्व्हरवर झाला याची खूण. प्रत्येक नोंदीवरही तिचा स्वतःचा एन्ट्रीसीएसएन असतो. कुकीपेक्षा नव्या सीएसएनच्या नोंदी सर्व्हर पूर्ण पाठवतो, आणि बाकीच्यांबद्दल एक तर 'आहे' एवढेच त्यांच्या एन्ट्रीयूयूआयडीसह, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकासह, कळवतो किंवा पुसल्या गेलेल्यांची यादी देतो. या सगळ्या देवघेवीत एसीएलचा उल्लेख फक्त एका ठिकाणी येतो: मुख्य सर्व्हर उत्तर देताना, विचारणाऱ्या ओळखीला जे वाचता येते तेवढेच देतो. नियम स्वतः कधीच पलीकडे जात नाही. तो सीएन-कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये, असतो, आणि ते स्वतंत्रपणे रेप्लिकेट केले नसेल तर प्रत्येक सर्व्हरचे आपले आपले असते.

पहिली तक्रार नियम बदलल्यानंतर दोनच दिवसांत आली. ग्रंथालयातील एका सहायक बाईंनी फोन करून विचारले, "सर, तुम्ही नंबर काढला म्हणाले होते, मग काल रात्री साडेदहाला मला अनोळखी माणसाचा फोन कुठून आला?" मी हिंगण्याच्या पडद्यावर पाहिले तेव्हा यादी चक्क ठिगळासारखी दिसत होती: काहींचे नंबर गेलेले, काहींचे तसेच. मी त्या बाईंची नोंद दोन्ही सर्व्हरवर रेप्लिकाच्याच ओळखीने मागवली आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लावली. मुख्य सर्व्हरच्या उत्तरात मोबाइल नव्हता, रेप्लिकाच्या उत्तरात होता, आणि दोन्हींचा एन्ट्रीसीएसएन शेवटच्या अंकापर्यंत एकच होता. ज्यांचा नंबर गेला होता अशा एका प्राध्यापकांची नोंद पाहिली तर त्यांचा सीएसएन आदल्या दिवशीचा होता, कारण आस्थापना विभागाने त्यांचे पदनाम त्याच दिवशी बदलले होते.

म्हणजे नियम बदलल्याने नोंद बदलत नाही. नोंद बदलली नाही म्हणून सीएसएन पुढे सरकत नाही, आणि सीएसएन सरकला नाही म्हणून मुख्य सर्व्हरला रेप्लिकाला सांगण्यासारखे काही नसते. साधे सिंकरेपल बदललेली नोंद पूर्ण पाठवते आणि रेप्लिका आपल्या प्रतीतून नव्या उत्तरात नसलेली ॲट्रिब्यूट काढून टाकते, म्हणून ज्याची नोंद कोणत्याही कारणाने हलली त्याचा नंबर योगायोगाने झाकला गेला. याची उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे: एखादे ॲट्रिब्यूट रेप्लिकाच्या ओळखीला नव्याने खुले केले तर तेही असेच ठिगळांनी पोहोचते, आणि मग माणूस उगाच नेटवर्कला दोष देत बसतो.

या टप्प्यावर बहुतेक जण करतात तेच मी आधी केले. रेप्लिकावरचा एसएलॅपडी, म्हणजे ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्राम, बंद केला आणि कुकीच्या पर्यायात फक्त आरआयडी (रेप्लिकाचा क्रमांक) देऊन तो पुन्हा सुरू केला, म्हणजे सर्व नोंदी पहिल्यापासून मागवल्या जातील. नोंदी आल्याही, पण नंबर गेले नाहीत. सिंकच्या पातळीचा लॉग, म्हणजे १६३८४, सुरू केल्यावर एकेका नोंदीसमोर दोन्ही नोंदींचा सीएसएन एकच आहे अशा अर्थाची ओळ दिसू लागली. रेप्लिका आलेली नोंद आपल्याकडच्या प्रतीशी ताडून पाहते, सीएसएन तोच असेल तर आत काय आहे ते न बघताच पुढे जाते. कुकी पुसणे हा उपाय त्यामुळे इथे निरुपयोगी आहे. मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून मुख्य सर्व्हरवर प्रत्येक नोंदीचे डिस्क्रिप्शन तेच मूल्य ठेवून पुन्हा लिहिले. मूल्य तेच असले तरी लेखन झाल्याने सीएसएन बदलतो. थोड्या वेळात हिंगण्याच्या पडद्यावरून सगळे नंबर गेले आणि मी ते प्रकरण मिटले असे समजलो.

जुलैत वीज पडून हिंगण्याच्या सर्व्हरची डिस्क गेली. नव्या डिस्कवर रेप्लिका उभी केल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्व १,४०० जणांचे नंबर पडद्यावर होते, आणि या वेळी ठिगळेही नव्हती. मी घाईत पुन्हा तीच स्क्रिप्ट चालवली, नंबर गेले, आणि कारण शोधण्याचे काम मागे पडले. ही माझी खरी चूक. या वर्षी मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली, रेप्लिकाचा डेटाबेस बिघडला, मी गावाला होतो, आणि माझ्या सहकाऱ्याने भिंतीवरचा कागद वाचून रेप्लिका नेमकी तशीच उभी केली जशी मी जुलैत केली होती. नंबर परत आले.

त्या कागदावर दुसऱ्या क्रमांकाची पायरी अशी होती: मुख्य सर्व्हरवर एसएलॅपकॅटने पूर्ण एलडीआयएफ काढा आणि तो हिंगण्याला एसएलॅपॲडने भरा. एलडीआयएफ म्हणजे डिरेक्टरीतील नोंदींची मजकूर फाइल; एसएलॅपकॅट ती काढतो आणि एसएलॅपॲड ती भरतो. जुन्या काळी फायबर संथ होती तेव्हा ही पद्धत सोयीची होती. पण एसएलॅपकॅट डेटाबेसच्या फायली थेट वाचतो, त्याला कोणतीही ओळख नसते आणि एसीएल त्याच्या वाटेत येतच नाही. त्यातून निघणाऱ्या फायलीत मोबाइल, पासवर्डचे हॅश (मूळ पासवर्डाऐवजी साठवलेली त्यांची गणिती रूपे), आणि रेप्लिकाच्या ओळखीला ज्या शाखा दिसूच नयेत त्या शाखांतील नोंदीही असतात. ती फाइल भरली की रेप्लिकाचा सीएसएन मुख्य सर्व्हरशी अगदी जुळलेला असतो, त्यामुळे पुढची सिंक 'सर्व अद्ययावत आहे' असे म्हणून मोकळी होते. एसीएलने बंद केलेले दार आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः ओलांडत होतो.

ही अडचण कायमची मिटवायची तर दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि दोन्ही लागतात. पहिली, रेप्लिका नेहमी रिकाम्या डेटाबेसपासून सुरू करून तिने आपल्या मर्यादित ओळखीनेच सगळे ओढून घ्यावे. नोंदी काही हजार असतील तर याला चहा संपेपर्यंतही वेळ लागत नाही. त्या ओळखीला आकार आणि वेळ यांच्या मर्यादा मात्र काढून द्याव्यात, नाहीतर ओपनएलडॅपची ५०० नोंदींची मूळ मर्यादा आड येते. तसेच एन्ट्रीयूयूआयडी आणि एन्ट्रीसीएसएन वाचण्याची परवानगी तिला हवीच, कारण त्याशिवाय सिंकचा गाडाच चालत नाही. दुसरी, जो नियम मुख्य सर्व्हरवर आहे तो रेप्लिकावरही स्वतंत्रपणे लिहावा. रेप्लिकाला एखादी गोष्ट मिळणार नाही या भरवशावर तिचे स्वतःचे दार सताड उघडे ठेवणे, हेच तिन्ही घटनांच्या मुळाशी होते. हिंगण्याचा जुना नियम 'सर्वांना सर्व वाचू द्या' असाच होता, तो तसा नसता तर चुकीची फाइल भरूनही ग्रंथालयाच्या पडद्यावर काही दिसले नसते.

पासवर्डच्या बाबतीत तर पहिल्या उपायावर विसंबताच येत नाही. फायबर तुटलेली असताना हिंगण्याच्या लोकांना लॉगिन करता यावे म्हणूनच रेप्लिका आहे, तेव्हा हॅश तिच्याकडे पोहोचायलाच हवा. तिथे सगळी भिस्त रेप्लिकाच्या स्वतःच्या नियमावर राहते: अनामिकाला ऑथ, बाकी कोणालाही काही नाही. ऑथ ही पातळी हॅश न दाखवता त्याच्याशी पासवर्ड ताडून पाहू देते. नियम लिहिताना क्रमाकडे लक्ष द्यावे. ओपनएलडॅप वरून खाली वाचत जातो, लागू पडणाऱ्या पहिल्या नियमापाशी थांबतो, आणि त्या नियमात आपले नाव नसेल तर उत्तर नकाराचे असते. पासवर्डचा नियम जर 'सर्व काही' या नियमाच्या खाली लिहिला तर तो कधीच वाचला जात नाही. सर्व्हर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

नियम दुरुस्त करताना मला एक मोह झाला होता तो इथे सांगतो. दूरध्वनी यादीच्या पडद्यावर नंबर टाकून माणूस शोधण्याची सोय होती आणि ती बंद पडू नये म्हणून मी मोबाइलवर रीड काढून सर्च एवढीच पातळी ठेवली होती. नंबर दिसत नाही पण शोधता येतो, हे वरवर निरुपद्रवी वाटते. मग मी स्वतःच करून पाहिले. अमुक नावाची आणि मोबाइल ९ ने सुरू होणारी नोंद आहे का, असे विचारले की नोंद येते किंवा येत नाही. आली तर पुढचा अंक. दहा आकडी नंबराला प्रत्येक स्थानी जास्तीत जास्त दहा प्रयत्न, म्हणजे शंभर विचारणांत कोणाचाही पूर्ण नंबर हातात येतो, आणि हे काम स्क्रिप्टला काही सेकंदांचे आहे. सिंकच्या विनंतीलाही असाच फिल्टर लावता येतो. ती सोय मी काढून टाकली. दोन जणांनी कुरकुर केली, ती मी ऐकून घेतली.

नियमांवरून हात फिरवतानाच एक असे छिद्र सापडले ज्याच्याबद्दल कोणीही तक्रार केलेली नव्हती. मुख्य सर्व्हरवर आम्ही कोणी काय बदलले याचा हिशेब राहावा म्हणून ॲक्सेसलॉग हा ओव्हरले, म्हणजे ओपनएलडॅपला जोडायचा भाग, लावला होता. डेल्टा-सिंकरेपल, म्हणजे पूर्ण नोंदीऐवजी फक्त बदल पाठवणारा प्रकार, वापरणाऱ्यांकडे तर तो असतोच. हा लॉग स्वतःच एक वेगळा डेटाबेस असतो आणि मुख्य डेटाबेसचे नियम त्याला लागू होत नाहीत. ओपनएलडॅपमध्ये एखाद्या डेटाबेसवर आणि फ्रंटएंडवर (सर्व डेटाबेसांना सामाईक असलेल्या कॉन्फिगरेशनच्या भागात) दोन्हीकडे एकही नियम नसेल तर मूळ धोरण सर्वांना वाचू देण्याचे असते. आमचे कॉन्फिगरेशन जुन्या एकफायली पद्धतीतून आणलेले होते, फ्रंटएंड कोरे होते, आणि त्यामुळे कोणीही अनामिकपणे सीएन-ॲक्सेसलॉग हा लॉग उघडून रेकमॉड हे बदललेली मूल्ये असलेले ॲट्रिब्यूट वाचू शकत होते. मी उघडलेल्या पहिल्याच पानावर एका लिपिकाच्या पासवर्ड बदलाची नोंद, तिच्यात नवा हॅश, आणि तिच्याखाली आस्थापना विभागाने भरलेला एका शिपायाचा नवा मोबाइल नंबर होता. झाकण एका भांड्यावर आणि दूध दुसऱ्यात, असा तो प्रकार होता. या डेटाबेसवर रेप्लिकाची ओळख आणि प्रशासक सोडून सर्वांना मनाई लिहावी, आणि जुन्या नोंदी ठराविक दिवसांनी पुसल्या जातील अशी लॉगपर्जची मुदत घालावी.

३८९ डिरेक्टरी सर्व्हर हे दुसरे डिरेक्टरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही आपला चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, तपासावा. तिथे २०१८ मध्ये नोंदवला गेलेला सीव्हीई-२०१८-१०८७१ या क्रमांकाचा सुरक्षादोष नेमका याच जातीचा होता: रेप्लिकेशन किंवा रेट्रो चेंजलॉग सुरू असताना पासवर्ड चेंजलॉगमध्ये हॅश न होता, साध्या मजकुरात साठवले जात होते.

ॲट्रिब्यूट झाकूनही जे झिरपते त्याचा विचार लोक कमी करतात. आमच्या हजेरीयंत्राचे सॉफ्टवेअर 'कर्मचारी' या शाखेवर कायम कान लावून बसलेले होते, म्हणजे रिफ्रेश-अँड-पर्सिस्ट या प्रकारात. त्याला नाव आणि क्रमांक यापलीकडे काही वाचता येत नव्हते. परंतु एखाद्याला चौकशीसाठी 'कर्मचारी' शाखेतून 'चौकशी' शाखेत हलवले की ती नोंद त्या ग्राहकाच्या कक्षेबाहेर जाते, आणि प्रोटोकॉलप्रमाणे सर्व्हर त्याला त्याच क्षणी तिच्या डीएनसह, म्हणजे शाखेसकट पूर्ण नावासह, 'डिलीट' असे कळवतो. यंत्राच्या लॉगमध्ये सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी एका माणसाचे नाव पुसले गेल्याचे दिसत होते आणि त्याला स्वतःला आदेश मिळाला तो दुपारी चारनंतर. आरएफसी ४५३३ च्या सुरक्षाविषयक भागात याची जाणीव करून दिलेली आहे: कायम चालणाऱ्या टप्प्यातून बदल कोणत्या क्रमाने झाले हेही ग्राहकाला उमगू शकते, आणि ज्या मजकुराबद्दल माहिती असण्याचाच त्याला अधिकार नाही त्याबद्दल सर्व्हरने काही उघड करू नये. हीच सूचना कुकीलाही लागू आहे. एका ओळखीने मिळवलेली कुकी दुसरी ओळख वापरू पाहील हे गृहीत धरा, असे तिथे सांगितले आहे, आणि कुकीवर डिजिटल सही करण्याची मुभाही दिली आहे.

सिंकप्रोव्ह, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा सिंक पुरवणारा भाग, एकदा लावला की ज्याला शोध घेता येतो त्याला सिंकही मागता येते, हे ध्यानात ठेवावे. हजेरीयंत्राची ओळख मी सरळ बंद केली आणि त्याला रोज रात्री एक सीएसव्ही फाइल देऊ लागलो. 'चौकशी' हे शाखेचे नावही बदलले. डीएन हा प्रत्येक उत्तरासोबत जातो, त्यामुळे त्यात अर्थ भरू नये. शिवाय त्या शाखेवर इतरांची डिस्क्लोज ही पातळीही काढली. ती असते तोवर सर्व्हर ५० हा परवानगी नसल्याचा कोड देतो, म्हणजे वस्तू आहे हे कबूल करतो. ती काढली की ३२, म्हणजे अशी वस्तूच नाही, असे उत्तर मिळते.

कार्यालयात मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथला डर्सिंक हा बदल मागवण्याचा कंट्रोल वापरायला 'रेप्लिकेटिंग डिरेक्टरी चेंजेस' हा हक्क द्यावा लागतो, आणि एखादे सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून विक्रेता त्याच्या शेजारचा 'ऑल' हा शब्द जोडलेला हक्कही मागतो. तो दिला की त्या खात्याला डोमेनमधील पासवर्डचे हॅश रेप्लिकेशनच्या वाटेने मागवता येतात. पासवर्ड चोरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिमिकॅट्झ या साधनात २०१५ पासून असलेला डीसीसिंक हा प्रकार याच हक्कावर चालतो. ज्या सॉफ्टवेअरला फक्त दिसणाऱ्या वस्तूंचे बदल हवे आहेत त्याच्यासाठी डर्सिंकमध्ये ऑब्जेक्ट सिक्युरिटी हा ध्वज आहे, आणि त्याला असा कोणताही खास हक्क लागत नाही. विक्रेत्याला आधी तो वापरायला सांगावे.

तपासणीसाठी मी आता एकच पद्धत ठेवली आहे. एलडॅपसर्च या शोधाच्या कमांडच्या मोठ्या ई या पर्यायातून सिंकची विनंती जोडता येते. ती मी दोन्ही सर्व्हरवर चार ओळखींनी करतो: अनामिक, साधा कर्मचारी, आस्थापना विभाग आणि रेप्लिकाची ओळख. प्रत्येक उत्तरात मोबाइल आणि पासवर्ड या दोन शब्दांच्या ओळी मोजतो. साधा शोध पुरेसा नाही, कारण ग्राहक ज्या वाटेने येतो त्याच वाटेने जाऊन पाहावे लागते. एखाद्या ठिकाणी अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला तर एसएलॅपएसीएल हा नियम तपासणारा प्रोग्राम त्या ओळखीला त्या ॲट्रिब्यूटवर कोणती पातळी मिळते ते सांगतो, आणि १२८ या लॉग पातळीवर कोणत्या नियमाने ती दिली तेही दिसते. मात्र रूटडीएनने, म्हणजे डेटाबेसच्या सर्वाधिकारी ओळखीने, कधीही तपासू नये, त्याला एसीएल लागूच होत नाही.

भिंतीवरचा कागद बदलला आहे. त्यावरची दुसरी पायरी आता 'डेटाबेसची फोल्डर रिकामी करा आणि एसएलॅपडी सुरू करा' अशी आहे. एसएलॅपकॅटच्या जुन्या फायली असलेले तीन पेन ड्राइव्ह कपाटात सापडले, ते मी पुसले, आणि चौथा ग्रंथालयाच्या प्रिंटरला लावलेला होता.